राज्यसभेत धर्माची खुर्ची का नाही?

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्न आला होता: राज्यसभेवर राष्ट्रपती बारा जण नेमतात, मग त्यात एखादा धर्माचा प्रतिनिधी का नको? जालन्यात हा प्रश्न येणारच. समर्थांचं जांब आपल्याच घनसावंगी तालुक्यात आहे.

जिथे अशी सोय आहे तिथून सुरुवात करू. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये चर्च ऑफ इंग्लंडचे २६ बिशप बसतात. कँटरबरी, यॉर्क, लंडन, डरहॅम आणि विंचेस्टर या पाच पीठांची जागा कायमची, बाकीचे २१ इतर पीठांतून येतात. लक्षात घ्या, खुर्ची पीठाची आहे, माणसाची नाही. बिशप निवृत्त झाला की ती सुटते. आणि ही सोय एकाच चर्चला! कॅथलिक, मुस्लिम, हिंदू सोडाच, स्कॉटलंडच्या चर्चलासुद्धा अशी जागा नाही.

आपल्या घटनेच्या कलम ८० मध्ये शब्द चारच: साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा. 'धर्म' हा शब्द चुकून राहिलेला नाही. मे १९४९ मध्ये संविधान सभेने धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागासुद्धा नको असं ठरवलं. फाळणीला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

१९५३ साली महामहोपाध्याय पां. वा. काणे राज्यसभेवर नेमले गेले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारा माणूस, पण आत आले ते विद्वान म्हणून. कुठल्या मठाचे म्हणून नव्हे.

आता आपल्या राज्याचं वरचं सभागृह पाहू, म्हणजे विधान परिषद. औरंगाबाद-जालना स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाची जागा तिथलीच. तिथेही राज्यपाल बारा जण नेमतात, फक्त 'सहकार' हा पाचवा शब्द जास्त. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी अशा सात जणांनी शपथ घेतली. त्यात पोहरादेवीचे महंत बाबूसिंग महाराज राठोड होते. तांड्यांवरून पोहरादेवीला जाणाऱ्यांना ते आपले वाटले असतील, यात नवल नाही. पण कायद्याने ती जागा गादीला मिळालेली नाही; पुढच्या महंतांना ती आपोआप मिळणार नाही.

आम्हाला ही व्यवस्था ब्रिटनपेक्षा बरी वाटते. एक अडचण मात्र उरतेच. पीठाची खुर्ची मागावी लागत नाही. नेमणुकीची यादी मंत्रिमंडळ करतं. त्या सात जणांचा शपथविधी झाला, त्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली.