साडेचारच्या आत ब्रायटन

१९०५ साली तयार झालेली मोटार या दौडीत घेत नाहीत; ती फार नवी ठरते. लंडन ते ब्रायटन या वार्षिक प्रवासाची पहिली अट अशी की गाडी १ जानेवारी १९०५ च्या आधी बनलेली हवी. म्हणजे मोटार कशी असावी हेच जेव्हा ठरायचं होतं, त्या काळातली. इंजिन पुढं असावं की बैठकीखाली, वळवायला गोल चाक असावं की हाताचा आडवा दांडा, गाडी पेट्रोलवर चालावी, वाफेवर की बॅटरीवर, या प्रश्नांना प्रत्येक कारखान्याचं उत्तर वेगळं होतं. ती सगळी उत्तरं दर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एकाच रस्त्यानं, स्वतःच्या चाकांवर साठेक मैल धावतात. जुन्या मोटारींच्या मेळ्यांत मला ही दौड सर्वांत मोलाची वाटते, ती यामुळे.

मूळ प्रसंग १४ नोव्हेंबर १८९६ चा. त्याआधी ब्रिटनमध्ये रस्त्यावर स्वतःच्या बळावर चालणाऱ्या वाहनाला वाफेच्या अवजड इंजिनाचेच नियम लागू होते. १८६५ च्या कायद्यानं गावाबाहेर ताशी चार मैल आणि वस्तीत दोन मैल इतकीच मुभा दिली होती, शिवाय वाहनापुढं लाल निशाण घेतलेला माणूस चालवावा लागे. निशाणाची सक्ती १८७८ मध्ये सैल झाली, पण पुढं चालणारा माणूस राहिलाच. १८९६ च्या नव्या कायद्यानं हलक्या वाहनांना यातून सोडवलं आणि वेगाची मर्यादा ताशी चौदा मैलांवर नेली. कायदा अमलात आला त्याच दिवशी, भर पावसात, मोटारवाल्यांनी लंडनहून समुद्रकाठच्या ब्रायटनची वाट धरली. निघण्यापूर्वी लॉर्ड विंचिल्सी यांनी लाल निशाण फाडलं. किती गाड्या खरोखर पोचल्या यावर तेव्हापासून वाद आहे. एक गाडी म्हणे आगगाडीनं नेऊन, वर चिखल फासून ब्रायटनमध्ये हजर केली गेली.

१९२७ मध्ये या प्रवासाची आठवण म्हणून जुन्या गाड्या पुन्हा त्या वाटेनं नेण्यात आल्या. १९३० पासून आयोजन रॉयल ऑटोमोबाइल क्लबकडे आहे. त्याच वर्षी ब्रायटनच्या ओल्ड शिप हॉटेलात व्हेटरन कार क्लब स्थापन झाला. गाडीचं खरं वय ठरवणं हे या क्लबचं मोठं काम. सांगाड्यावरचे आकडे, इंजिनाची घडण, जुनी सूचीपत्रं, छायाचित्रं असे पुरावे तपासून गाडीचं वर्ष निश्चित करायचं. मालकाच्या आजोबांनी काय सांगितलं होतं, एवढ्यावर इथं भागत नाही. हा कडकपणा मला मनापासून पटतो. त्याच्यावाचून १९०५ ची अट नावापुरतीच उरली असती.

सूर्योदयाच्या सुमाराला हाइड पार्कमध्ये निशाण फाडण्याचा विधी होतो आणि गाड्या सुटतात. वेस्टमिन्स्टर पुलावरून ब्रिक्स्टन, क्रॉयडन, रेडहिल असं करत त्या शहराबाहेर पडतात. क्रॉलीला कॉफीचा थांबा. खरी शोभा त्याच्या पुढं सुरू होते. स्टेपलफील्डचं गावमैदान, ककफील्डचे अरुंद रस्ते, दोन्ही अंगांनी तांबूस-पिवळे पडलेले ओक आणि बीच. पण बहुतेक गाड्यांना ना पुढची काच, ना टप. थंडी, धुकं आणि पाऊस थेट अंगावर. रस्त्यावर साचलेली ओली पानं अरुंद टायरांना निसरडी, आणि ब्रेक बहुधा मागच्याच चाकांना.

ही गाडी चालवणं म्हणजे काय, ते हँडल मारण्यापासून पाहायला हवं. आधी ठिणगीचा खटका मागं घ्यायचा, म्हणजे टायमिंग उशिराचं ठेवायचं. ते विसरलं तर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट मोडू शकतं. म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत गुंडाळायचा नाही. इंजिन लागलं की टायमिंग हळूहळू पुढं घ्यायचं आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण कानानं जुळवायचं. चढ आला की पुन्हा टायमिंग मागं. तेल थेंबाथेंबानं इंजिनात सोडणाऱ्या काचेच्या नळ्यांवर शेजारी बसलेल्यानं नजर ठेवायची. थेंब कमी पडले तर इंजिन जाम होणार, जास्त झाले तर धूर. काही गाड्यांना खाली सोडायचा लोखंडी टेकू असतो. चढावर गाडी मागं घसरू लागली की तो जमिनीत रुततो, घाटात बैलगाडीच्या चाकामागं दगड लावावा तसा. वाफेच्या गाड्यांना वाटेत पाणी भरायला थांबावं लागतं. ब्रायटनच्या अलीकडं क्लेटनची चढण लागते. माथ्याजवळ जॅक आणि जिल नावाच्या दोन पवनचक्क्या आहेत. एका सिलिंडरची गाडी इथं अडली तर सोबत्यांनी उतरून ढकलायचं.

दौडीत पहिला-दुसरा क्रमांक नाही. ताशी सरासरी वीस मैलांच्या वर जायचं नाही, आणि दुपारी साडेचारच्या आत पोचणाऱ्या प्रत्येकाला सारखंच पदक. त्या दिवसांत तिकडं साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि शतकापूर्वीच्या दिव्यांवर अंधारात रस्ता काढणं धोक्याचं. १९५३ च्या ‘जेनेव्हिव्ह’ या चित्रपटानं ही दौड जगभर पोचवली. त्यातली १९०४ ची डाराक आजही जपलेली आहे.

संग्रहालयात काचेआड ठेवलेलं इंजिन दिसतं, पण हँडल मारणारा हात आणि टायमिंग ऐकणारा कान तिथं ठेवता येत नाहीत. ते वापरानंच टिकतात. ब्रायटनच्या वाटेवर आजोबांशेजारी तेलाचे थेंब पाहत बसलेलं नातवंड पुढं स्वतः गाडी हाकतं. क्लबनं जपलेलं खरं धन मला हे वाटतं.

आपल्याकडं मुंबई-पुण्यात जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात; बहुतेकदा शहरातली छोटी फेरी आणि मग मैदानात प्रदर्शन. दिवसभराच्या प्रवासाला नियमांची आडकाठी नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेचे क्रमांक आणले. नोंदणीला २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, पुढं नूतनीकरणाला ५,०००. रोजच्या वापराला आणि व्यवसायाला बंदी, पण प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन आणि जुन्या गाड्यांच्या रॅलीसाठी रस्ता मोकळा आहे.

वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या साठच्या दशकातल्या फियाट आता या वयाच्या पुढं गेल्या आहेत. तुमच्या आवारात ताडपत्रीखाली त्यातली एखादी उभी असेल तर तिची कागदपत्रं आधी लावून घ्या. मग तिचा कार्बोरेटर आणि टायमिंग हातानं जुळवणारा जुना मिस्त्री शोधा, घरातल्या एखाद्या तरुण मुलीला किंवा मुलाला त्याच्याजवळ बसवा, आणि पाऊस सरल्यावर अश्विन-कार्तिकात चार मालक मिळून पुण्याहून वाईपर्यंत जाऊन या.