आकाशात आणखी कुणी आहे का? मुलांना फॉरवर्ड नको, खरं उत्तर द्या

ईशाची नमाज झाली, जेवणं उरकली की आपल्या घरांत मोबाईल सुरू होतात. एखादं पोर व्हिडिओ बघता बघता विचारतं, "अब्बा, दुसऱ्या ग्रहांवर पण कुणी राहतं का? कुरआनमध्ये त्यांच्याबद्दल काही आहे का?"

यावर आपल्याकडे सहसा दोनच उत्तरं मिळतात. पहिलं, "असले प्रश्न विचारायचे नाहीत, ईमान कमजोर होतं." दुसरं म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर: शास्त्रज्ञांना परग्रहावर जीव सापडले, आणि आपल्या कुरआनने हे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय!

आम्हाला ही दोन्ही उत्तरं धोक्याची वाटतात. पहिल्या उत्तरातून मुलाला वाटतं की दीन प्रश्नांना घाबरतो. दुसरं त्याहून वाईट. त्यात आपण मुलाचं ईमान एका बातमीला बांधून टाकतो, आणि ती बातमी पुढच्या वर्षी मागे घेतली जाऊ शकते. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ या.

आजवर काय सापडलं?

सरळ उत्तर आधीच सांगतो. पृथ्वीबाहेर जीव असल्याचा एकही पक्का पुरावा आजवर मिळालेला नाही. माणसासारखा प्राणी सोडाच, साधा जंतूसुद्धा नाही.

मग शास्त्रज्ञ शोधतात कशाला? कारण शोधण्यासारख्या जागा अफाट आहेत. आपल्या एका आकाशगंगेतच शंभर अब्जांहून जास्त तारे आहेत. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ या दोन शास्त्रज्ञांनी सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह पहिल्यांदा शोधला. त्याबद्दल त्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. त्यानंतर असे ग्रह एकामागून एक सापडत गेले आणि २०२५ मध्ये त्यांची संख्या ६,००० च्या पुढे गेली.

आपल्या सूर्यमालेतही काही जागा आहेत. मंगळावर एकेकाळी पाणी वाहत होतं, याच्या खुणा तिथल्या खडकांत आहेत. शनीच्या एन्सेलाडस नावाच्या चंद्रावर बर्फाच्या थराखाली समुद्र आहे, आणि त्यातलं पाणी भेगांमधून कारंज्यासारखं बाहेर उडतं. गुरूच्या युरोपा या चंद्राखालीही असाच समुद्र असावा असं मानतात. तो तपासायला नासाचं 'युरोपा क्लिपर' हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं आहे. २०३० मध्ये ते गुरूपाशी पोहोचेल.

पण पाणी असणं वेगळं आणि जीव असणं वेगळं. चूल, लाकडं, तांदूळ सगळं घरात दिसलं म्हणून भात शिजलाच असं होत नाही.

अंतराचाही विचार करा. प्रकाश एका वर्षात साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जातो. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. आजच्या आपल्या यानांच्या वेगाने तिथे जायला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. त्यामुळे दूरच्या ग्रहांवर जाऊन बघणं शक्य नाही. तिथून येणाऱ्या प्रकाशावरूनच अंदाज बांधावा लागतो. बातम्यांचा घोळ होतो तो इथेच.

एका बातमीचं काय झालं

एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी नावाच्या ग्रहाची बातमी जगभर गाजली. हा ग्रह आपल्यापासून सुमारे १२४ प्रकाशवर्षं दूर आहे. केंब्रिज विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेम्स वेब दुर्बिणीने त्याचा अभ्यास केला होता.

पद्धत अशी की ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो. त्या प्रकाशातले कोणते रंग कमी झाले, हे पाहून वातावरणात कोणते वायू असतील ते ओळखतात. या ग्रहावर डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळचा एक वायू असावा, अशी खूण दिसल्याचं या शास्त्रज्ञांनी सांगितलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती तयार करतात. झालं! मथळे आले, "परग्रहावर जीवसृष्टी!"

पण मधुसूदन यांनी स्वतःच सावध राहायला सांगितलं होतं. ती खूण योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात तीन इतकी होती. आपल्याला हे खूप कमी वाटेल, पण एवढ्या मोठ्या दाव्यासाठी विज्ञान दहा लाखांत एकाहूनही कमी शक्यता मागतं. पुढे इतर शास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा अनेकांना ती खूण तितकी ठळक दिसली नाही. शिवाय हाच वायू एका धूमकेतूवरही आढळला आहे, आणि तिथे तर कुणी राहत नाही. म्हणजे जीव नसतानाही तो तयार होऊ शकतो.

आता विचार करा. ज्या घरात "बघा, कुरआनचं म्हणणं सिद्ध झालं" म्हणून ही बातमी मुलांना दाखवली असेल, तिथे पुढे काय सांगायचं? बातमी कच्ची निघाली तर मुलाच्या मनात कुरआनबद्दलही शंका येणार. आणि त्यात कुरआनचा काही दोष नाही, दोष आपल्या घाईचा.

पुण्याच्या शास्त्रज्ञाचा फुगा

घाई न करणं म्हणजे काय, याचं उदाहरण आपल्या जवळच आहे. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांचं मे २०२५ मध्ये निधन झालं. अवकाशातून सूक्ष्म जीव पृथ्वीवर येत असतील का, हा प्रश्न त्यांना पडला होता. त्यांच्या नेतृत्वाखाली इस्रोच्या मदतीने एक प्रयोग झाला. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून एक भलामोठा फुगा सोडला आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने गोळा केले. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी ते नमुने वेगवेगळे तपासले.

त्यात जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. तीन जिवाणू तर आधी कुणालाच माहीत नसलेल्या जातींचे निघाले. अतिनील किरणांचा मारा सोसायची त्यांची ताकद त्यांच्या जवळच्या भाईबंदांपेक्षा जास्त होती.

"परग्रहाचे जीव सापडले" असं जाहीर करायला एवढं पुरेसं होतं. पण २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने साफ सांगितलं की हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले, असं यावरून ठामपणे सिद्ध होत नाही. ते खालून वर गेलेलेही असू शकतात. चार वर्षं तपासणी करायची, आणि शेवटी जेवढं कळलं तेवढंच बोलायचं. आम्हाला वाटतं, अमानतदारी ती हीच.

कुरआन काय सांगतो

आता मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. सूरह अश-शूराच्या २९ व्या आयतीत आकाशं आणि पृथ्वी यांची निर्मिती आणि या दोन्हींमध्ये पसरवलेले जीव ही अल्लाहची निशाणी असल्याचं सांगितलं आहे. तिथे 'दाब्बह' हा शब्द आहे. जमिनीवर चालणारा, हालचाल करणारा जीव, असा त्याचा साधा अर्थ.

आकाशातले हे 'दाब्बह' म्हणजे कोण, यावर आपल्या मुफस्सिरांनी फार पूर्वीच विचार केला. सुरुवातीच्या काळातले विद्वान मुजाहिद (रह.) यांनी फरिश्ते आणि माणसं असा अर्थ घेतला. सुमारे आठशे वर्षांपूर्वीचे इमाम फखरुद्दीन राझी (रह.) यांनी फरिश्त्यांचा अर्थ दिलाच, पण आकाशांमध्येही माणसांसारखे चालणारे जीव अल्लाहने निर्माण केले असतील, हे अशक्य नाही असंही नोंदवलं. अल्लाह या जगापलीकडे हजारो जगं निर्माण करू शकतो, असंही त्यांनी आपल्या तफसीरमध्ये मांडलं. तेव्हा दुर्बिणीसुद्धा नव्हत्या!

आपल्या मुंबईत १८७२ मध्ये जन्मलेले अब्दुल्लाह यूसुफ अली यांचा कुरआनचा इंग्रजी अनुवाद जगभर वाचला जातो. त्यांनीही या आयतीवरच्या टिपणीत इतर आकाशगोलांवर कोणत्या ना कोणत्या रूपात जीवन असणं सयुक्तिक मानलं आहे.

पण यातल्या कुणीही "असंच आहे" अशी गर्जना केली नाही. हे असू शकतं, अल्लाहच्या कुदरतीला काही अवघड नाही, पण पक्कं ज्ञान त्यालाच. सूरह नहलच्या ८ व्या आयतीत तर अल्लाह असंही काही निर्माण करतो जे तुम्हाला माहीत नाही, असा आशय आहे. म्हणजे दार उघडं आहे. उद्या मंगळावर जंतू सापडला तरी ईमानला धक्का नाही. कधीच काही सापडलं नाही तरीही धक्का नाही.

काही जण म्हणतात, "एलियन म्हणजे जिन्नच." आमची विनंती आहे की ही सरमिसळ करू नये. जिन्न हा गैबवरच्या ईमानचा विषय आहे. दुर्बिणीतून शोधले जातात ते वायू, क्षार आणि जंतू. दोन्हींची जागा वेगळी आहे.

मग घरात काय सांगायचं?

सूरह हुजुरातच्या ६ व्या आयतीत बेभरवशाच्या माणसाने आणलेली बातमी आधी पारखून घ्यायचा हुकूम आहे. सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत, ज्याचं ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका, अशी ताकीद आहे. दीनच्या नावाने आलेल्या फॉरवर्डलाही हे लागू होतं, खरं तर त्याला जास्तच. पाठवणारे आपले मामू असोत की मोहल्ल्यातले हाजीसाब, पुढे ढकलण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे कुणी शोधलं? इतरांनी तपासलं का? शोधणारा स्वतः किती खात्रीने बोलतोय?

मुलाला सांगा, "बेटा, अजून कुणालाच माहीत नाही. शोध चालू आहे. अल्लाह सगळं जाणतो, आणि त्याने आपल्याला शोधायला अक्कल दिली आहे. तू शिकून शोधशील का?" जमलं तर त्याला मुंबईत वरळीच्या नेहरू तारांगणात न्या. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं, तेही दाखवा. मुलीलाही न्या, विसरू नका.

आणि एक गोष्ट जरूर सांगा. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. वाटेत कधी कुणी भेटलंच तर त्यांच्यासाठी पृथ्वीवरच्या ५५ भाषांतले शुभसंदेश तिच्यात भरले आहेत. त्यात अरबी आहे, मराठी आहे, आणि उर्दूही आहे. उर्दू संदेशाची सुरुवात सलामने होते.

तो सलाम आज सूर्यमालेच्या ग्रहांच्या कितीतरी पलीकडे पोहोचला आहे. जवाब अजून आलेला नाही. मुलांनाही एवढंच आणि इतकंच खरं सांगू या.