यांत्रिक नौकेचा पंखा कसा निवडावा

आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. सानगडीच्या परिसरांत वाढलेल्या मुलास तलावांतील डोंगा कांहीं नवा नाहीं. परंतु डोंगा मनुष्याच्या बाहुबळावर चालतो, व जेथें तें बळ संपतें तेथें तोही थांबतो. इ. स. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर येऊन भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलें, तेव्हां लोकांस बाहेर काढण्यासाठीं बचावपथकांच्या नौकांचें साहाय्य घ्यावें लागलें. अशा प्रसंगीं पुराच्या ओढीविरुद्ध भरलेली नौका नेणें हें काम इंजिनाचें खरें. पण इंजिनाचें बळ पाण्यास पोंचविणारा पंखाच अयोग्य असेल, तर मोठें इंजिनही व्यर्थ होय. म्हणून या पंख्याची निवड कशी करावी, हें आज पाहूं.

नौकेचा पंखा हें वस्तुतः एक मळसूत्रच आहे. लांकडांत पेंचाचा खिळा फिरविला असतां एका फेऱ्यांत तो आट्यांमधील अंतराइतका आंत जातो. पंखा जर अशा घट्ट पदार्थांत फिरत असता, तर एका फेऱ्यांत तो जितका पुढें गेला असता, तितक्या अंतरास कारागीर ‘पिच’ म्हणतात. पंख्यावर बहुधा दोन आंकडे कोरलेले असतात. ‘१३ × १७’ असें असल्यास पंख्याचा व्यास १३ इंच व पिच १७ इंच, असा त्याचा अर्थ होय.

या पंख्याचा इतिहास मनोरंजक आहे. इ. स. १८३६ मध्यें फ्रान्सिस पेटिट स्मिथ व जॉन एरिक्सन या दोघांनीं इंग्लंडांत स्वतंत्रपणें याचे हक्क मिळविले. स्मिथचा पहिला पंखा लांकडी असून त्यास मळसूत्राचे दोन पूर्ण वेढे होते. पुढील वर्षीं कालव्यांत प्रयोग चालू असतां त्याचा अर्धा भाग मोडून पडला आणि काय आश्चर्य! नौका पूर्वीपेक्षां अधिक वेगानें चालूं लागली. मोठा पंखा तोच चांगला पंखा, हा समज तेव्हांच खोटा ठरला.

आतां थोडें गणित करूं. समजा, इंजिन मिनिटास ५,५०० फेरे घेतें व दांतेरी चाकांच्या योगानें पंखा त्याच्या निम्मे, म्हणजे २,७५० फेरे घेतो. पिच १७ इंच, म्हणजे सुमारें ४३ सेंटिमीटर. गुणाकार केल्यास नौका मिनिटास सुमारें १,१८७ मीटर, म्हणजे ताशीं ७१ किलोमीटर गेली पाहिजे. परंतु पाणी म्हणजे लांकूड नव्हे. तें पंख्यापुढें मागें सरतें. या तुटीस घसरण म्हणावें. हलक्या वेगवान नौकांत ती सामान्यतः शेंकडा १० ते २० असते. ती १५ धरल्यास खरा वेग ताशीं सुमारें ६० किलोमीटर येतो.

येथें विद्यार्थी सहज विचारील कीं, मग पिच वाढवीत गेलें म्हणजे वेगही वाढत जाणार नाहीं काय? नाहीं, कारण तो पंखा फिरविण्याचें बळ इंजिनांत असावें लागतें. चढावर सायकलीचा जड गिअर लावला तर एका फेऱ्यांत चाक पुष्कळ पुढें जाईल हें खरें. पण पायच फिरेनासे होतात, त्यास काय करावें? इंजिनाचेंही तसेंच आहे. पूर्ण जोर दिला असतां इंजिनानें मिनिटास किती फेरे घ्यावे, हें त्याचा कर्ता नमूद करून ठेवतो. उदाहरणार्थ, ५,००० ते ६,०००. त्या मर्यादेंत जो पंखा इंजिनास फिरूं देतो, तोच योग्य पंखा.

परीक्षा अशी करावी. संथ पाण्यांत, नेहमींचें ओझें घेऊन, पूर्ण जोर द्यावा व फेरे मोजणाऱ्या यंत्राचा कांटा पाहावा. तो ४,६०० वरच अडला तर पिच अधिक झालें. पिच एक इंच कमी केलें असतां फेरे साधारणतः १५० ते २०० नीं वाढतात. म्हणून १७ ऐवजीं १३ इंचांचा पंखा लावल्यास फेरे ५,२०० ते ५,४०० होतील. उलट कांटा ६,३०० वर गेला तर पिच अपुरें आहे. तें तीन इंच वाढविल्यास फेरे ५,७०० ते ५,८५० पर्यंत उतरतील. पहिल्या दोषांत इंजिन कुंथतें, तापतें, आणि डिझेलचें असल्यास काळा धूर ओकतें. दुसऱ्या दोषांत तें भरमसाट फिरून त्याचे भाग झिजतात. दोन्हींचें फळ एकच: भर पाण्यांत बंद पडलेलें इंजिन.

पण या सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘ओझें’ हा आहे. दोन माणसें बसवून जो पंखा उत्तम ठरला, तोच आठ माणसें बसतांच जड होतो. बचावाची नौका जातांना रिकामी व येतांना भरलेली असते, आणि खरी कसोटी येतांनाच लागते. म्हणून अशा नौकेची परीक्षा पूर्ण ओझ्यानिशीं करावी व पिच थोडें कमीच ठेवावें. रिकामी नौका नेतांना चालकानें हात आंखडता ठेवून जोर बेताचा द्यावा म्हणजे झालें. नौकेंत दुसरा पंखा जवळ बाळगावा, आणि दगड किंवा बुंधा लागून पातें वांकलें असल्यास तें तपासल्यावांचून पाण्यांत उतरूं नये.

पालकांसही एक विनंति आहे. तलावावर वा नदीवर यांत्रिक नौकेंत मुलांस बसवितांना ती किती वेगानें धावते हें विचारूं नये. तिजवर किती माणसांचें ओझें मंजूर आहे हें विचारावें, व त्याहून एकही अधिक माणूस चढत असेल तर आपण काठावर राहावें. वेगाचा आंकडा कागदावर शोभतो. पण भरलेल्या नौकेस सुखरूप पैलतीरीं नेतो तो ओझें ओळखून निवडलेला पंखाच.