कडी लावली म्हणजे चोरी केली असं नव्हे!

मैत्रिणींनो, माहेरी पत्र लिहायला बसलं की पूर्वी आपण आधी काय ठरवायचो? पोस्टकार्ड की अंतर्देशीय? ‘सर्व क्षेम, पापड पोचले’ एवढंच कळवायचं तर कार्ड पुरे. पण सासरची कुरबूर किंवा स्वतःचं दुखणंखुपणं आईला लिहायचं, तर अंतर्देशीयच, आणि तेही कडा नीट चिकटवून! म्हणून पोस्टमननं आपल्यावर कधी संशय घेतला का?

आज पत्राची जागा मोबाईलनं घेतली आहे. चारचौघींत विचारायला संकोच वाटतो असे प्रश्न आपण रात्री, सगळी निजल्यावर, त्यालाच विचारतो. आणि आपल्या ध्यानातही येत नाही, की ही विचारपूस बहुतेक वेळा पोस्टकार्डावरच चाललेली असते!

माझ्या ओळखीतल्या एका बाईंची गोष्ट सांगते. छातीत गाठ हाताला लागली म्हणून त्यांनी घरातल्या सामाईक मोबाईलवर थोडी माहिती शोधली. दुसऱ्या दिवशी सासूबाई त्याच मोबाईलवर कीर्तन ऐकत होत्या, तर मध्येच कॅन्सरच्या इस्पितळांच्या जाहिराती! “हे काय गं?” असं त्यांनी विचारताच बाई इतक्या ओशाळल्या, की पुढे दोन महिने त्यांनी त्या विषयाचा शब्दही काढला नाही. डॉक्टरांकडेही गेल्या नाहीत. सुदैवानं गाठ साधी निघाली. पण ते दोन महिने? कुणी पाहील या धास्तीनं माणूस विचारायचंच थांबतं, खरा धोका तो हा.

“आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?” असं पुष्कळजणी म्हणतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतली एक घटना. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये एओएल या कंपनीनं संशोधकांसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी तीन महिन्यांत शोधलेल्या गोष्टींची यादी खुली केली. नावं काढून त्या जागी आकडे घातले होते. तरीही काही दिवसांतच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वार्ताहरांनी एका आकड्यामागची बाई हुडकून काढली. जॉर्जिया राज्यातली एक साधी, वयस्क विधवा! तिच्या यादीत नाना दुखणी होती. वाचणाऱ्याला वाटावं, बाई फार आजारी दिसते. वास्तविक ती आपल्या मैत्रिणींच्या आजारांची माहिती काढून त्यांना मदत करत असे. तिनं काहीही वाईट केलेलं नव्हतं. पण यादी तेवढी राहते, त्यामागचं कारण राहत नाही.

मग उपाय काय? पुष्कळांना ‘इनकॉग्निटो’ ठाऊक असतं. ते म्हणजे घरच्या पाटीवरचं पुसणं. आपल्या फोनवरची नोंद जाते, पण दुकानदाराच्या वहीतली राहते. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आपण कोणत्या ठिकाणी गेलो ते कळतं, आणि त्या ठिकाणालाही आपल्या जोडणीचा क्रमांक दिसतो.

याहून पक्कं साधन म्हणजे ‘टॉर ब्राउझर’. हे मोफत मिळतं. ‘टॉर’ हे नाव आलं कांद्यावरून! इंग्रजीत ‘ओनियन’ म्हणतात ना, त्यावरून. तुमचा निरोप पापुद्र्यावर पापुद्रा गुंडाळून तीन टप्प्यांनी जातो, आणि प्रत्येक टप्प्यावर एक पापुद्रा निघतो. पहिल्याला कळतं निरोप कुठून आला, पण कुठे चालला ते नाही. शेवटच्याला कळतं कुठे चालला, पण कुणाचा ते नाही. ब्राउझर बंद केला की मागची नोंदही तो ठेवत नाही.

याची मूळ कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकन आरमाराच्या संशोधनशाळेत निघाली, आणि २००२च्या सुमारास हे जाळं सर्वांना खुलं झालं. आरमाराची वस्तू लोकांना का द्यायची? कारण सोपं आहे. फक्त आरमाराचीच माणसं ते वापरू लागली, तर वापरणारा प्रत्येकजण आरमाराचा हे उघडच झालं! गर्दी हवी. आपल्या अंतर्देशीयासारखंच आहे हे. फक्त अडचणीतल्या बाईनंच ते वापरलं, तर प्रत्येक बंद पत्राकडे लोक संशयानं पाहतील. तुम्हीआम्ही पापड-लोणच्याची खबरही त्यातून धाडली, तर कुणाच्याच पत्राकडे बोट दाखवता येत नाही. तुमच्या साध्या वापरानं एखाद्या गांजलेल्या बाईला आडोसा मिळतो.

वाईट माणसंही हे वापरतात, खरं आहे. पण विळीनं बोट कापतं म्हणून स्वयंपाकघरातून विळी कुणी काढून टाकत नाही. गुन्हा तो गुन्हाच. पण खाजगीपणा हा गुन्हा नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खाजगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे.

आता चार सूचना. टॉरवर पानं जरा सावकाश उघडतात, धीर धरा. आपल्या नावानं खातं उघडून आत शिरलात, तर ओळख आपणच दिली असं समजा. बँकेचे व्यवहार नेहमीच्याच मार्गानं करा. आणि सर्वांत महत्त्वाचं: घरातच कुणी पाळत ठेवत असेल, फोनमध्ये काही बसवलं असल्याची शंका असेल, तर टॉरचाही उपयोग नाही. त्याचं चिन्हदेखील नजरेत भरेल. अशा वेळी विश्वासातल्या शेजारणीच्या फोनवरून १८१ या महिला मदत क्रमांकाशी बोला.

न्हाणीघराची कडी लावताना आपल्याला कधी अपराधी वाटतं का? मग प्रश्न विचारतानाच का वाटावं? कडी लावा, आणि मनातलं निर्धास्त विचारा. मुख्य म्हणजे, डॉक्टरांकडे जायचं असेल तर दोन महिने थांबू नका!