सिंहाचा शेजारी

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? पिवळ्या गवताचे अफाट मैदान, छत्रीसारखे एखादे झाड, त्याच्या सावलीत पहुडलेला सिंह आणि दूरवर चाललेला हत्तींचा कळप. दूरचित्रवाणीवर हे चित्र आपण इतक्या वेळा पाहिले आहे की ते आता ओळखीचे झाले आहे. या चित्रात माणूस सहसा नसतो. असलाच तर तो परदेशी शास्त्रज्ञ असतो. स्थानिक माणूस दिसतो तो बहुधा दोनच भूमिकांत: वाटाड्या म्हणून किंवा चोरटा शिकारी म्हणून. गेल्या काही वर्षांत आफ्रिकेतील कथाकार, पत्रकार आणि चित्रपटकार हे चित्र बदलू लागले आहेत. त्यांचे म्हणणे काय आहे, ते थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

वास्तविक प्राण्यांच्या कथा आफ्रिकेला नव्या नाहीत. घानातील अकान लोकांचा अनान्सी नावाचा कोळी आपल्या युक्तीने भल्याभल्यांना फसवतो. पूर्व आफ्रिकेतील कथांत ससा तरसाची फजिती करतो. झिंबाब्वेतील शोना लोकांत प्रत्येक कुळाचा 'मुटुपो' असतो. कुणाचा सिंह, कुणाचा हत्ती, कुणाचे माकड. ज्याचा जो मुटुपो, त्या प्राण्याचे मांस त्याने खायचे नाही. आपल्याकडील देवकाची कल्पना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चटकन उमगेल. प्राणी राखावा, ही शिकवण देणारी भाषा तेथे आधीपासूनच होती. कॅमेरा आला तेव्हा मात्र तो ही भाषा बोलणाऱ्यांच्या हाती आला नाही.

फ्रेंच वसाहतींत १९३४ साली 'लाव्हाल हुकूम' निघाला. सरकारच्या परवानगीवाचून तेथे चित्रीकरण करता येत नसे. पोलँ सुमानू व्हिएरा आणि त्यांच्या सोबत्यांनी १९५५ साली आफ्रिकनांच्या जीवनावर लघुपट काढला, तो पॅरिसमध्ये! स्वतःच्या भूमीचे चित्रण करण्याची मुभा त्यांना नव्हती. त्याच काळात युरोप-अमेरिकेतून आलेले लोक मात्र आफ्रिकेतील वन्य प्राण्यांवर चित्रपट काढीत होते.

यांपैकी सर्वांत प्रभावी ठरला जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्रझिमेक यांचा सेरेंगेटीवरील १९५९ सालचा माहितीपट. 'सेरेंगेटी मरता कामा नये' असे त्याचे नाव. त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून तेथील जनावरांची मोजदाद केली. याच कामात, जानेवारी १९५९ मध्ये, विमानाला गिधाड धडकून मिखाएलचा मृत्यू झाला. या पितापुत्रांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सेरेंगेटीकडे जगाचे लक्ष वळले त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

परंतु राष्ट्रीय उद्यानात माणसाने राहू नये, तेथील मूळ रहिवाशांनीही नाही, असे ग्रझिमेक यांचे ठाम मत होते. त्याच १९५९ साली मासाई पशुपालकांना सेरेंगेटी उद्यानातून बाहेर काढून शेजारच्या गोरोंगोरो भागात नेण्यात आले. 'सेरेंगेटी' हे नावच मुळी मासाई भाषेतून आले आहे, असे म्हणतात. ज्यांनी त्या मैदानाला नाव दिले त्यांनाच तेथे जागा उरली नाही. पडद्यावर जे रान निर्मनुष्य दिसते, ते पुष्कळदा निर्मनुष्य केलेले असते, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

नायजेरियाचे थोर कादंबरीकार चिनुआ अचेबे एक म्हण सांगत असत. सिंहांना स्वतःचे इतिहासकार मिळत नाहीत तोवर शिकारीच्या इतिहासात शिकाऱ्याचाच गौरव होणार, असा तिचा आशय. मला वाटते, वन्यजीवांच्या बाबतीत या म्हणीला एक विलक्षण वळण मिळाले. सिंहाला इतिहासकार मिळाला. तोही असा, की सिंहिणीचे बछडे दगावले तर प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी यावे. इतिहासकार मिळाला नाही तो सिंहाच्या शेजाऱ्याला.

हा शेजारी म्हणजे कोण, हे मला वेगळे शोधावे लागत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील शेतकरी. रानडुकरांनी एका रात्रीत भुईमूग उकरला की पुढचे पंधरा दिवस ते माळ्यावर जागतात. वर्तमानपत्रात याला 'मानव-वन्यजीव संघर्ष' म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण त्यात माझ्या वडिलांचे जागरण कुठे दिसत नाही. डुकरांवर राग असूनही पिलांमागे धावणाऱ्या पोरांना तेच दटावतात, हेही दिसत नाही. म्हणूनच केनियातील रिचर्ड टुरेरे या मासाई मुलाची हकिगत मला जवळची वाटली.

नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेला कुंपण नाही. तेथून सिंह रात्री बाहेर येत आणि रिचर्डच्या घरची गुरे मारीत. गुरे राखण्याची जबाबदारी त्याच्यावर होती. त्याने आधी शेकोटी पेटवून पाहिली. उलट त्या उजेडात सिंहांना गोठा नीट दिसू लागला. मग बुजगावणे उभे केले. पहिल्या रात्री सिंह परतले, दुसऱ्या रात्री त्यांनी ओळखले की हे जागचे हलत नाही. शेवटी एका रात्री तो टॉर्च घेऊन गोठ्याभोवती फिरत राहिला, तेव्हा सिंह आलेच नाहीत. हलत्या उजेडाला ते भितात, हे त्याने ताडले. जुनी बॅटरी, सौरपट्टी, मोटारसायकलचा इंडिकेटर आणि मोडक्या टॉर्चचे बल्ब जोडून त्याने आळीपाळीने लुकलुकणारे दिवे तयार केले. तेव्हा तो अवघा अकरा वर्षांचा होता. २०१३ साली अमेरिकेतील व्यासपीठावर त्याने ही कथा स्वतः सांगितली. या कथेत सिंहही वाचतो आणि गायही वाचते. बाहेरून आलेल्या कॅमेऱ्याला ही कथा सुचली असती का?

केनियाच्या हत्ती-अभ्यासक डॉ. पॉला काहुंबू यांनी नेमका हाच धागा धरला. २०१३ साली त्यांच्या संस्थेने हत्तींच्या रक्षणासाठी देशव्यापी मोहीम सुरू केली. २०१९ पासून त्यांची 'वाइल्डलाइफ वॉरियर्स' ही मालिका केनियाच्याच वाहिनीवर दाखवली जाऊ लागली. तिचे नायक केनियातील संशोधक, वनरक्षक आणि सामान्य गावकरी आहेत. प्राण्यासाठी झटणारा माणूस आपल्यासारखाच दिसतो आणि आपल्यासारखेच बोलतो, हे पाहिल्यावर तेथील मुलाला 'हे माझेही काम आहे' असे वाटू शकते.

दक्षिण आफ्रिकेत नोएल कोक आणि प्रग्ना परसोतम-कोक यांनी उभारलेली 'न्यूफ' ही संस्था आफ्रिकी तरुणांना निसर्गपट तयार करण्याचे शिक्षण देते. पाण्याखाली बुडी मारून चित्रण कसे करावे येथपासून चित्रपटाला संगीत कसे द्यावे येथपर्यंत. महागडी साधने आणि ओळखी नसल्याने जे दार बंद होते, ते अशा प्रयत्नांनी किलकिले झाले आहे.

सगळेच काही गोड नाही. जॉन म्बारिया हे पत्रकार आणि मॉर्डेकाय ओगाडा हे प्राणिशास्त्रज्ञ, दोघेही केनियाचे. संवर्धनाच्या नावाखाली स्थानिकांना कसे दूर सारले गेले, हे त्यांनी २०१६ सालच्या आपल्या पुस्तकात परखडपणे मांडले. पीटर मुरिमी या केनियन दिग्दर्शकाने ग्रीक दिग्दर्शिका डॅफ्नी मात्झियाराकी यांच्यासह काढलेला लायकिपियावरील माहितीपट २०२४ साली प्रदर्शित झाला. दुष्काळात चाऱ्यासाठी वणवणणारे पशुपालक आणि मोठमोठ्या कुरणांचे गोरे मालक यांच्यातील संघर्ष त्यात आहे. दोन्ही बाजूंच्या घरांत कॅमेरा जातो. टांझानियातील लोलिओंडो येथे २०२२ साली सुमारे १,५०० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या सीमा आखताना मासाई आणि पोलीस यांच्यात चकमकी झाल्या. त्यांची दृश्ये लोकांनी मोबाईलवर टिपली आणि ती जगभर पोहोचली. १९५९ साली अशी सोय नव्हती.

कुणी म्हणेल, माणसाचीच दुःखे सांगत बसलो तर मुक्या जनावरांची बाजू कोण घेणार? प्रश्न रास्त आहे. पण केनियातील निम्म्याहून अधिक वन्य प्राणी राष्ट्रीय उद्यानांच्या सीमेबाहेर, लोकांच्या कुरणांत आणि शेतांजवळ वावरतात. त्यांचे जगणे-मरणे रात्री गोठ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या मनावर अवलंबून आहे. हजारो मैलांवरचा प्रेक्षक पैसे पाठवू शकतो, पण त्या रात्री तेथे उभा राहू शकत नाही. ज्याला रोज सिंहाची किंमत मोजावी लागते, त्याला कथेतून वगळून सिंह वाचवता येणार नाही, हेच या कथाकारांचे सांगणे आहे.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी लिहिणारी ही पहिलीच पिढी आहे. लेखणी हाती आली की दूरच्या, सुंदर गोष्टींवर लिहावेसे वाटते, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु आपल्या वडीलधाऱ्यांना रानाविषयी, जनावरांविषयी जे ठाऊक आहे, ते अजून कुठल्याही पुस्तकात आलेले नाही. ते आपण लिहिले नाही, तर दुसरा कोणी लिहील, आणि तो माळ्यावर जागलेला नसेल.