नव्या घरात इंटरनेटची वायर : प्लास्टरच्या आधी विचार करा!

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी. डी. डी. चाळीतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार केलेली माणसे ५०० चौरस फुटांच्या घराची मालक झाली. चाळीच्या एका खोलीत वाय-फायचा डबा कोठेही ठेवला तरी चारही कोपऱ्यांत तो पोचत असे. नव्या घरात हॉल आला, स्वयंपाकघर आले, झोपायच्या खोल्या आल्या. म्हणजेच मध्ये भिंती आल्या. आणि भिंत आली की वाय-फायचे बळ कमी होते.

हा प्रश्न केवळ वरळीचा नाही. गावाकडे पत्र्याचे घर उतरवून स्लॅबचे घर बांधणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबाचा तो आहे. आम्ही वस्तीतील घरांची कामे पाहतो तेव्हा विजेचे पॉइंट, नळ, फरशी, रंग या सर्वांचा विचार झालेला असतो. इंटरनेटचा विचार मात्र घरभरणीनंतर होतो. मग नव्या रंगावरून वायरी लोंबतात, दाराच्या फटीतून ओढल्या जातात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर भरू लागला, ते दिवस आपण विसरलेलो नाही. जेथे सिग्नल येई तेथे मूल बसे. मग ते दारात असो, जिन्यात असो वा गच्चीवर. आज शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाची यादी, परीक्षेचा निकाल हे सारे इंटरनेटवरच आहे. म्हणून नवे घर बांधताना मुलाच्या अभ्यासाची जागा आधी ठरवावी आणि इंटरनेट त्या जागेपर्यंत न्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वायर कोठे, वाय-फाय कोठे?

नियम साधा आहे. जे एका जागी राहते त्याला वायर. जे हातात फिरते त्याला वाय-फाय. टीव्ही, अभ्यासाच्या टेबलावरचा संगणक यांना वायर द्यावी. मोबाईल वाय-फायवर चालावेत. वाय-फायचा वेग घरातील सर्वांत वाटला जातो. टीव्ही व संगणक वायरीवर गेले की मोबाईलनाही मोकळीक मिळते.

वाय-फायच्या लहरी प्रामुख्याने दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, पण तिचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. विटांच्या भिंतीपेक्षा सळयांची काँक्रीट भिंत अधिक अडवते. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकीही अडथळाच. म्हणून डबा टीव्हीच्या मागे वा कपाटात कोंबू नये. घराच्या साधारण मध्यावर, डोक्याच्या उंचीच्या वर, उघड्यावर ठेवावा.

एकाच मजल्यावरील लहान घराला बहुधा एक डबा पुरतो. घर दुमजली असेल तर वरच्या मजल्यासाठी दुसरा डबा धरून चालावे आणि त्याच्यापर्यंत वायर न्यावी. स्लॅबमधून लहरी पोचतील या भरवशावर राहू नये.

गवंड्याच्या आधी कागद-पेन्सिल

घराचा नकाशा कागदावर काढा. बाहेरून येणारी फायबरची वायर कोठून आत येईल, तेथे खूण करा. घरातील सर्व वायरी जेथे एकत्र येतील अशी एक जागा ठरवा. तेथे विजेचे दोन प्लग आणि थोडी हवा हवी. इन्व्हर्टर घेणार असाल तर त्याची जोडणी याच प्लगला द्या, म्हणजे वीज गेली तरी घरातला डबा चालू राहील.

या मुख्य जागेपासून प्रत्येक पॉइंटपर्यंत स्वतंत्र वायर जावी. एका पॉइंटवरून पुढच्या पॉइंटला फाटा फोडू नये आणि मध्ये कोठेही सांधा नसावा. हॉलमध्ये टीव्हीचा एक, दोन खोल्यांत अभ्यासाच्या टेबलांचे दोन, वरच्या डब्याचा एक आणि एक राखीव, असे पाच पॉइंट धरू. भिंतीची चढ-उतार धरून सरासरी १२ मीटर वायर लागली, तर ६० मीटर होते. तुटफूट व टोके धरून ७० मीटर घ्यावी. पूर्ण पेटी ३०५ मीटरची असते. ती घेण्याची गरज नाही, सुटी वायर मागावी.

वायर 'कॅट ६' जातीची आणि शुद्ध तांब्याची घ्या. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायरही बाजारात मिळते. ती घेऊ नका. चांगली कॅट ६ वायर १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग देते. घरासाठी तो भरपूर आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे! प्लास्टरच्या आधी भिंतीत २५ मिलिमीटरचा पाइप टाकून घ्या. आज वायरीला पैसे नसतील तर वायर नंतर ओढा. पाइप मात्र आजच टाका आणि त्यात नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पाइपाला काटकोनी वळण न देता गोल वळण द्यावे, म्हणजे वायर अडकत नाही. विजेची वायर आणि ही वायर एकाच पाइपात कधीही घालू देऊ नका. त्यात जिवाला धोका आहे. दोन्ही पाइपांत शक्यतो फूटभर अंतर ठेवा.

तयार घर मिळाले असेल तर

अशा घरात कोलम, बीम किंवा काँक्रीटची भिंत मुळीच फोडू नये. इमारतीचा भार त्यांच्यावर असतो. टेलिफोनसाठी वा केबल टीव्हीसाठी टाकलेला रिकामा पाइप आहे का, ते वायरमनकडून पाहून घ्या. नसेल तर दाराच्या चौकटीच्या कडेने किंवा फरशीलगत केसिंग पट्टी मारून त्यातून वायर न्यावी. नीट मारलेली पट्टी डोळ्यांना खुपत नाही.

पैसे देण्यापूर्वी

रंगकाम सुरू होण्याआधी वायरमनला टेस्टर लावून दाखवायला सांगा. वायरीत आठ तारा असतात. आठही तारा जुळल्या तरच पूर्ण वेग मिळतो. काही वेळा चार तारांवरही काम चालते, पण वेग १०० मेगाबिटवर येतो आणि ग्राहकाला कळतही नाही. वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहून घ्या. भिंतीतील पाइपांचे फोटो प्लास्टरपूर्वी काढून ठेवा, म्हणजे पुढे खिळा ठोकताना वायर फुटणार नाही. डब्याचा मूळ पासवर्डही बदलावा.

घरातील स्त्रियांना आणि शिकणाऱ्या मुलांना नकाशा काढतानाच सोबत बसवा. घरातील मुलीचे टेबल कोठे असेल, हे विचारूनच पहिली खूण करा. टीव्हीची खूण त्यानंतर केली तरी चालेल.