दूरसंचार यंत्रणेची आज्ञाभाषा

दूरध्वनीवरून समोरच्या व्यक्तीचा आवाज स्पष्ट ऐकू आला की, ग्राहकाचे काम झाले. परंतु तो आवाज वाहून नेणाऱ्या यंत्रांशीही कोणीतरी अहोरात्र बोलत असते, याची त्याला सहसा कल्पना नसते. हे बोलणे ज्या भाषेत चालते, ती अत्यंत मोजकी आणि शिस्तबद्ध आहे. तिच्यात अलंकार नाहीत आणि संदिग्धतेला तर मुळीच जागा नाही.

हातातील पान्यापासून कळफलकापर्यंत

अल्मन स्ट्रोजर यांना १८९१ मध्ये पेटंट मिळालेल्या स्वयंचलित पद्धतीत प्रत्यक्ष हलणाऱ्या यांत्रिक भागांमुळे जोडणी होत असे. दोष उद्भवला की, तंत्रज्ञ यंत्रांच्या रांगांतून फिरून सदोष भाग शोधी आणि हाताने दुरुस्त करी. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील सुकासना येथे १९६५ साली संगणकीय कार्यक्रमावर चालणारे दूरध्वनी केंद्र सुरू झाले आणि या कामाचे स्वरूप पालटले. भारतात ट्रंक जोडणीसाठी अशा प्रकारचे पहिले केंद्र १९८३ मध्ये मुंबईत कार्यान्वित झाले.

अशा केंद्रात ग्राहकाचा क्रमांक, त्याला दिलेल्या सोयी, संभाषणाचा मार्ग हे सर्व संगणकाच्या स्मृतीत नोंदलेले असते. ती नोंद पान्याने बदलता येत नाही. त्यासाठी कळफलकावरून आज्ञाच द्यावी लागते.

समान भाषेची गरज

प्रारंभी प्रत्येक उत्पादकाने आपापल्या यंत्रांसाठी स्वतंत्र आज्ञा ठरविल्या. एकाच सेवेत निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे असली, तर कर्मचाऱ्यांना तितक्याच भाषा शिकणे भाग पडे. ही अडचण ओळखून आंतरराष्ट्रीय तार व दूरध्वनी सल्लागार समितीने ‘मानव-यंत्र भाषे’च्या शिफारशी तयार केल्या. त्यांत वाक्याची घडण निश्चित केली होती. शब्द मात्र त्या त्या देशाच्या भाषेतील योजण्यास वाव ठेवला होता.

१ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीचे विभाजन होऊन स्थानिक सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली. या कंपन्यांच्या सामाईक संशोधन संस्थेने, म्हणजे बेलकोअरने, वरील शिफारशींच्या आधारे ‘टीएल-१’ ही आज्ञाभाषा सिद्ध केली. यंत्र कोणत्याही उत्पादकाचे असो, त्याच्याशी एकाच रीतीने बोलता यावे, हा तिचा हेतू होता.

आज्ञेची रचना

या भाषेतील आज्ञा एखाद्या कार्यालयीन पत्रासारखी असते. प्रथम क्रियापद येते: दाखवा, बदला, सेवेतून काढा, पुन्हा सेवेत घ्या. त्याला जोडून कृतीचा विषय येतो. नंतर यंत्राचे नाव, त्यातील नेमक्या भागाचा पत्ता आणि आज्ञेचा खूणक्रमांक दिला जातो. प्रत्येक घटकानंतर अपूर्णविराम आणि शेवटी अर्धविराम. तो अर्धविराम पडेपर्यंत आज्ञा पूर्ण झाली असे यंत्र मानीत नाही.

खूणक्रमांक हा पत्रावरील जावक क्रमांकाप्रमाणेच उपयोगी पडतो. यंत्र उत्तर देताना तोच क्रमांक उद्धृत करते. त्यामुळे अनेक आज्ञा एकाच वेळी चालू असल्या तरी कोणते उत्तर कोणत्या आज्ञेचे, याविषयी घोटाळा होत नाही. काम पार पडले, तर ‘पूर्ण’ असे उत्तर येते. न पडल्यास ‘नाकारली’ असा शेरा आणि त्याचे कारण कळविले जाते.

यंत्र आपण होऊनही बोलते. तार तुटली वा एखादा भाग निकामी झाला, तर ते इशारा पाठविते. किरकोळ दोषासाठी एक तारांकन, मोठ्या दोषासाठी दोन, तर अतिगंभीर दोषासाठी तारांकनापुढे एक अक्षर अशा खुणा असतात. कोणत्या दोषाकडे प्रथम धावावे, हे त्यावरून कर्मचाऱ्याला तत्काळ समजते.

एका आज्ञेचे मोल

अशा भाषेचे सामर्थ्य हाच तिचा धोकाही आहे. म्हणून यंत्रांत काही बंधने घातलेली असतात. प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याच्या अधिकारापुरत्याच आज्ञा देता येतात. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीच्या एएक्सई केंद्रात बदल घडविणारी आज्ञा यंत्र पुन्हा छापून दाखविते. कर्मचाऱ्याने दुजोरा दिल्यावरच ती अमलात येते.

ही खबरदारी किती आवश्यक आहे, हे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी जगाला कळून आले. फेसबुकच्या जागतिक जाळ्याची क्षमता अजमाविण्यासाठी नित्याच्या देखभालीत एक आज्ञा देण्यात आली आणि तिने जाळ्यातील मुख्य जोडण्याच खंडित झाल्या. अशा आज्ञा तपासून रोखणारी व्यवस्था होती. परंतु तिच्यातच दोष होता. फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद राहिले. दुरून यंत्रांशी बोलण्याचा मार्गही त्या जाळ्यातूनच जात असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी जावे लागले.

टीएल-१ नंतर अधिक प्रगत पद्धती आल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नेटकॉन्फ’ या मानकात बदल आधी तपासून पाहण्याची आणि दुजोरा न मिळाल्यास पूर्वस्थिती आपोआप परत आणण्याची सोय आहे. साधने सुधारली, तरी आज्ञा देण्याचा निर्णय माणसाचाच राहतो. अर्धविराम टंकित करण्यापूर्वी यंत्राचे नाव आणि भागाचा पत्ता पुन्हा एकदा वाचणे, ही साधी सवय लाखो लोकांचे संभाषण अखंड राखण्यास आजही तितकीच मोलाची आहे.